आमची वाटचाल : केळीपट्ट्यातली पामची नर्सरी

मुळात आम्ही केळीवाले. यावल-रावेरकडे थंडी काय करते ते लहानपणापासून बघत आलोय, पारा 10 च्या खाली गेला की केळीची वाढच थांबते, पानं पिवळी पडतात, मग रात्री बांधावर शेकोट्या पेटवून धूर करायचा. म्हणून नर्सरी टाकल्यावर गिऱ्हाईक विचारायचं, भाऊ हे थंडीत टिकेल ना, तेव्हा त्याची धास्ती आम्हाला बरोबर कळायची.

त्या टायमाला पाम आंध्रातल्या कडियमहून ट्रकने यायचे, आम्हीही आणायचो. झाड दिसायला एक नंबर, पण गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेलं, इथे जानेवारीत पानं करपायची, त्यात अरेका तर फारच नाजूक. मग आम्ही बियांपासून इथेच रोपं करायला लागलो. बिस्मार्क पामचं बी उगवायला महिनोन्महिने लावतं, आणि पहिलं मूळ सरळ खोल जातं म्हणून पिशवी उंच लागते, बुटक्या पिशवीत मूळ वेटोळं घालतं आणि झाड बसतं ते बसतंच. एकदा जमलं की मात्र थंडी पण सोसतं आणि मे महिन्याचे 45 पण. चंदेरी पानाचंच घ्या, हिरव्यापेक्षा दणकट.

मोबाईलवर बघून लोक विंडमिल पाम मागतात. उणे 15 पर्यंत टिकतो हे खरंय, पण भुसावळच्या उन्हात त्याचे हाल होतात, आम्ही तो तोरणमाळकडच्या लोकांनाच देतो, तिथे थंडीत दव गोठतं. आणि आपली नाल्याकाठची शिंदी, म्हणजे रानखजूर! तिला कोणी विचारत नव्हतं, आता लँडस्केपवाले शोधत येतात. आमच्या मते खान्देशात तिच्यासारखा पाम नाही.

विकल्यावरही फोन चालूच असतात. पामच्या एका खोडाला कोंब एकच, बाहेरची पानं जळली तर घाबरू नका, पण मधली सुई, म्हणजे न उघडलेलं नवं पान, हलकेच ओढल्यावर हातात आली आणि बुडाला कुजका वास आला तर शेंडा सडायला लागलाय, लगेच कॉपर ऑक्सीक्लोराइड कोंबात ओता आणि वरून पाणी मारणं बंद करा, काही झाडं उन्हाळ्यात परत पान काढतात. जळकी पानं थंडी संपेपर्यंत छाटायची नाहीत, कोंबाला तोच आडोसा असतो. माळी लोकांना हे सांगून सांगून थकलो, त्यांना साफसफाईची भारी घाई.

दिवाळीनंतर आम्ही युरिया बंद करतो, पोटॅश चालू. डिसेंबरात कोणी लहान रोप मागितलं तर देत नाही, पैसे परत, होळीनंतर या म्हणतो.