बुधवारची शर्यत, तिघऱ्याचं पाणी

बुधवार, रात्री पावणेअकरा

पोळीचा तुकडा मोडताना तळहात चुरचुरला आणि आईच्या ते लगेच लक्षात आलं. "आज पुन्हा शिडाची दोरी ओढलीस ना?" ओढली. थंडी ओसरल्यापासून एक बुधवार चुकवलेला नाही.

बुधवारी माझे तास तीनला संपतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ताईच्या दारात हॉर्न वाजवला की भाचा लाइफ जॅकेट घालूनच खाली येतो. रस्त्यावरचे लोक बघतात, त्याला त्याचं काही नसतं. मग वीसेक किलोमीटर स्कूटर. शेतांतली मोहरी निघाली आहे, गहू पिवळा पडलाय. शेवटच्या वळणानंतर तिघरा धरणाची भिंत दिसली की मी आधी पाण्याकडे बघते, वारा किती आहे ते पाण्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. आज छान होता. पश्चिमेचा, थोडा कोरडा, अधूनमधून झोत येणारा. झोत आला की पाणी तेवढ्यापुरतं काळवंडतं आणि तो डाग सरकत सरकत आपल्याकडे येतो. त्याची वाट बघत बसणं मला फार आवडतं.

पाणी मात्र खूप उतरलंय. दिवाळीत होडी जिथून ढकलायचो तिथे आता भेगाळलेला चिखल आहे. आज होडी उचलून चाळीस पावलं खाली न्यावी लागली. दगडांवर जुन्या पातळ्यांच्या पांढऱ्या रेघा एकाखाली एक उमटल्यात. इथलंच पाणी मोतीझीलला जातं, तिथे शुद्ध होतं आणि आमच्या नळाला येतं, सध्या एक दिवसाआड. म्हणून काकांचा पहिला नियम शिडाचा नाही, पाण्याचा आहे: होडीतून काहीही खाली पडता कामा नये, बिस्किटाचा कागदसुद्धा.

काका नौदलातून निवृत्त झाले आणि ग्वाल्हेरला परतले. आम्हा सगळ्यांना शीड त्यांनीच शिकवलं. या धरणाबद्दल ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. माधवराव शिंद्यांच्या काळात, 1916 साली सांक नदीवर बांधलेलं. विश्वेश्वरय्यांनी शोधलेली आपोआप उघडणारी दारं खडकवासल्यानंतर इथे बसवली गेली. दुसऱ्याच वर्षी, 1917 च्या पावसाळ्यात, पायाखालच्या वाळूच्या दगडात पाणी मुरलं आणि धरण फुटलं. मग पुन्हा बांधलं. हे सांगताना काका दर वेळी भिंतीकडे हात करतात.

पाच होड्या होत्या. तीन लेझर, एकेका माणसाच्या, आणि दोन एंटरप्राइझ. आमची एंटरप्राइझ म्हणजे सव्वातेरा फूट लांब, निळ्या शिडांची, दोघांची. मी टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर, आणि मोठ्या शिडाच्या दोरीवर, भाचा पुढे जिबवर, म्हणजे पुढच्या छोट्या शिडावर. दोन नारिंगी ड्रम दगड बांधून पाण्यात सोडलेले, त्यांना दोन फेऱ्या. काकांनी पाच मिनिटांची शिट्टी दिली, मग चारची, मग एकची. शेवटच्या शिट्टीला आम्ही रेषेवर होतो, वेगात. असं क्वचित जमतं. पहिल्या फेरीअखेर आमच्या पुढे एकच लेझर होती.

दुसऱ्या फेरीत वाऱ्याकडच्या ड्रमजवळ घोळ झाला. वारा जरासा फिरला होता. तिथे आणखी एकदा टॅक करून, म्हणजे होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवून, वर चढायला हवं होतं. मी म्हटलं, एवढ्यात निघेल. शिडावर दोन्ही बाजूंना धागे चिकटवलेत, आईच्या जुन्या स्वेटरच्या मरून लोकरीचे. दोन्ही सरळ मागे उडत असले की शीड बरोबर. आतला, वाऱ्याकडचा, फडफडायला लागला की आपण वाऱ्याच्या फार तोंडावर चाललोय. तो फडफडत होता, मला दिसत होता, तरी मी रेटलं. होडी मंदावली, बाजूला घसरली, आणि बूमचं, म्हणजे मोठ्या शिडाखालच्या आडव्या दांड्याचं, टोक ड्रमला लागलं. ठक. एवढाच आवाज.

ड्रमला लागलं तर एक पूर्ण गिरकी घ्यायची, एक टॅक आणि एक जाइब, म्हणजे होडीची शेपटी वाऱ्यातून वळवणं. पंच नसतो. ज्याचं चुकलं त्यानेच स्वतःहून घ्यायची. मागची लेझर बरीच मागे होती, काका पार काठावर. कुणालाच दिसलेलं नव्हतं.

मी पुढे जात राहिले. आठ-दहा सेकंद असतील. भाच्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग जिबकडे. मग हळूच म्हणाला, "मावशी, लागलं ना आपल्याला?"

"लागलं," म्हटलं, आणि टिलर लोटला. गिरकी धड झाली नाही, जाइबला बूम डोक्यावरून सणकन गेला, बादलीभर पाणी आत आलं. तेवढ्यात दोन होड्या पुढे.

आणि मग वारा पडला. सूर्य टेकडीच्या कडेला टेकला की इथे असंच होतं. पाचही होड्या जागच्या जागी. धागे खाली लोंबलेले. लांब काठावर टिटवी ओरडत होती. भाचा पाणी उपसता उपसता नेहा ठाकूरबद्दल बोलत होता. देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तलावावर शिकली, 2023 ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये रुपेरी पदक. "तिच्या गावात तरी कुठे समुद्र होता?" हे तो मला दर बुधवारी विचारतो. आज मी नीट ऐकलं.

तरंगत तरंगत आम्ही चौथे आलो. चहा पिताना काकांना सांगितलं, ड्रमला लागलं होतं, गिरकी घेतली. ते म्हणाले, "मला नव्हतं दिसलं." मग वहीत लिहिता लिहिता, "लगेच घेतलीस?"

"नाही. थोडा वेळ गेला."

ते काही बोलले नाहीत. चौथ्या ओळीत आमचं नाव लिहिलं आणि वही मिटली.

बक्षीस नाही, कप नाही, पुढच्या बुधवारी ही वही कुणी उघडणारही नाही. मग ते आठ-दहा सेकंद मी कशासाठी वाचवत होते? स्कूटरवर परत येताना पूर्णवेळ हेच डोक्यात होतं. भाच्याने विचारलं नसतं तर मी वळले असते का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मला आत कुठेतरी लागलंय.

आतला धागा गिरकीत तुटून गेला. आईला सांगितलं तशी ती उठली, ट्रंकेतून लोकरीचा उरलेला गुंडा काढला, वीतभर मोजून कापली. "एवढी पुरे?" म्हटलं, दोन दे. तिने तीन दिल्या.