आज मूठ सुटली

आज संध्याकाळी लक्षात आलं, मी दिवसभर दात आवळून असते. मनाच्या त्रासासाठीच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले. झोप लागतेय, जेवण जातंय, पण खांदे कानापर्यंत चढलेलेच. म्हणून डॉक्टरांनी गोळीच्या जोडीला स्नायू सैल करायचा व्यायाम दिला. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२० च्या दशकात मांडलेला. एकेक स्नायू पाच-सात सेकंद घट्ट आवळायचा, मग एकदम सोडायचा आणि तो सैल पडताना कसं वाटतं तिकडे लक्ष द्यायचं.

सतरंजीवर आडवी झाले. उजवी मूठ आवळली, सोडली. बोटं आपोआप उलगडली, तळहातावर नखांच्या चार खुणा. पोटऱ्यांपर्यंत येईतो डोळ्यांतून पाणी यायला लागलं. का ते कळलं नाही, पुसलंही नाही. आई दारात होती. काही न विचारता तिने पंखा कमी केला नि गेली.

मावशी फोनवर म्हणाली, "मग आता गोळ्या बंद कर." नाही गं मावशी. गोळी चालू आहे म्हणून तर सतरंजी अंथरायचं बळ आलं. डॉक्टर सांगतील तेव्हाच, हळूहळू कमी करायच्या.

कुणाला आत्ता फार जड जात असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

रात्रीची गोळी घेतली. आता डाव्या मुठीपासून पुन्हा एकदा.