तिरप्या सॅन्सची प्रगती: व्यंजनं झाली, आता मात्रा

माझ्या देवनागरी सॅन्स फॉन्टचं (एकसारख्या जाडीच्या, साध्या रेषांचं वळण) उभं रूप मार्गी लागल्यावर इटॅलिक, म्हणजे तिरपं रूप, हातात घेतलं होतं. त्याची सगळी व्यंजनं आता पूर्ण झाली आहेत. कोन १० अंशांवर पक्का केला. १२ अंशांवर रोमन लिपी छान पळते, पण देवनागरीत शिरोरेषा आडवीच राहते आणि काने (उभे दांडे) तिच्याखालून घसरल्यासारखे दिसतात. ८ अंशांवर बारीक छपाईत अक्षर उभं की तिरपं तेच कळत नाही.

रोमन इटॅलिक हस्ताक्षरातून आलं; १५०१ मध्ये व्हेनिसला आल्डस मनुशिअसने ते पुस्तकात वापरलं. आपल्याकडे मोडीची वळणं उसनी घ्यायचा मोह होतो, पण आजचा वाचक तिथे अडखळेल. म्हणून अक्षरांची रूपं तीच ठेवली, फक्त तिरपी.

नुसतं शिअर मारलं, म्हणजे अक्षर यांत्रिकपणे तिरकं ढकललं, की काय होतं ते 'व'मध्ये बघा. आडव्या रेषांची जाडी तशीच राहते, काना मात्र दीड टक्का बारीक होतो. पोटाची वरची डावी बाजू रोडावते, खालची डावी फुगते. एकसारख्या जाडीच्या सॅन्समध्ये हे लगेच खुपतं. ग्लिफ्स या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं 'कर्सिव्ही' कान्यांची जाडी सांभाळतं, पण वळणं हातानेच जुळवावी लागतात: नोड (रेषेवरचे बिंदू) पुन्हा टोकांवर आणायचे आणि वळणाला आकार देणारे हँडल ओढत बसायचं. 'व' एकदा जमला की 'ब' आणि 'क' भराभर निघतात.

आता मात्रा. ६५० युनिट (फॉन्टमधलं मोजमाप) उंचीवरची शिरोरेषा ११५ युनिट उजवीकडे जाते, २५० युनिट खाली असलेला उकार ४४ युनिट डावीकडे. त्यामुळे सगळे अँकर, म्हणजे मात्रा अक्षराला जोडणारे बिंदू, तिरप्या रेषेवर हवेत. 'सुंदर'मधला 'सुं' ही माझी कसोटी आहे. तिथे अनुस्वार गणितापेक्षा किंचित डावीकडे घेतला, तेव्हा कुठे तो अक्षराचा वाटायला लागला.

हे सगळं कशासाठी? मुक्ता या देवनागरी फॉन्टमध्ये सात वजनं (जाडीच्या पायऱ्या) आहेत, पण इटॅलिक नाही. मग सॉफ्टवेअर स्वतःच अक्षरं वाकवतं. पॉपिन्समध्ये नऊही वजनांना इटॅलिक आहे, पण मला तितकं भौमितिक वळण नको होतं. माझ्या डोळ्यांसमोर आहेत नाटकाच्या संहितेतल्या रंगसूचना. ठाण्यातल्या एका हौशी नाट्यमंडळातल्या मित्राकडून काही पानं घेतली आणि गोखले रोडवर साध्या कागदावर १० पॉइंटात प्रिंट काढली. '(खिडकीकडे जात)' ठळक केलं की संवादावर कुरघोडी करतं. तिरपं केलं की बाजूला सरतं, नटाची नजर संवादावरच राहते. सुलेखनकार कमल शेडगे यांची नाटकांची नावं त्या त्या नाटकापुरती घडवलेली असायची. फॉन्टला ती मुभा नाही, त्याला कुठल्याही शब्दात निमूट बसावं लागतं.

पुढे रफार आणि जोडाक्षरं. 'र्की'मध्ये रफार वेलांटीच्या टोकाला भिडतोय. कुणी तिरप्या देवनागरीत हे सोडवलं असेल, तर नमुना जरूर दाखवा.