पोर्शे ९२८ एस४: व्यवहार व्हायचाय, पण गाडी लिफ्टवर बघून झाली

मागच्या नोंदीपर्यंत मी ९२८ आणि बीएमडब्ल्यूची जुनी ६ सिरीज (ई२४) यांच्यात घुटमळत होतो. आता ६ सिरीज बाद. गाडी देखणी आहे, पण इकडे जर्मनीत हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, आणि बघितलेल्या प्रत्येक ई२४ ला पुढच्या मडगार्डच्या आत गंज लागलेला होता. ९२८ ची बॉडी गॅल्व्हनाइज्ड पोलादाची. दारं, बॉनेट आणि पुढची मडगार्डं ॲल्युमिनियमची. म्हणून पस्तीस वर्षांनंतरही खालून स्वच्छ गाडी मिळू शकते.

सध्या जिच्यावर जीव जडलाय ती १९८९ ची एस४. पाच लिटरचं ३२ व्हॉल्व्हचं व्ही८ इंजिन, ३२० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), चार गिअरची ऑटोमॅटिक. श्टुटगार्टशेजारच्या लेओनबर्गमधले एक निवृत्त गृहस्थ विकताहेत. मागणी २७,५०० युरो.

नाशिकच्या मित्राने विचारलं, पुढे भारतात आणणार का? नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. ही इथेच राहणार, आणि इथेच ती शोभते. झुफेनहाउझेनचा तिचा कारखाना माझ्या घरापासून ट्रेनने थोडक्याच अंतरावर आहे.

९२८ का, हे नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. १९७७ मध्ये जिनेव्हाला ती आली तेव्हा पुढेमागे पोर्शेच्याच गाजलेल्या ९११ ची जागा तीच घेणार, असं कंपनीच्या मनात होतं. १९७८ ची ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ ती ठरली. हा मान मिळालेली ती आजवरची एकमेव स्पोर्ट्स कार. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलला, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) बदलायची वेळ आली की ‘इतकी गुंतागुंत कशाला’ म्हणणारे खूप भेटतात. मला ती गुंतागुंत मनापासून आवडते. स्टिअरिंग वरखाली केलं की मीटरचं अख्खं पॅनेल त्याच्यासोबत हलतं, कुठल्याही उंचीच्या माणसाला काटे पूर्ण दिसावेत म्हणून. मागे बसणाऱ्यांना स्वतंत्र सन व्हायझर आहेत. मागच्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन येईल याचा विचार किती स्पोर्ट्स कारमध्ये झालाय?

आता मुख्य गोष्ट. ऑटोमॅटिक ९२८ घेणाऱ्याने रंग, लेदर, म्युझिक सिस्टीम सगळं नंतर बघावं. आधी क्रँकशाफ्टचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) एंड प्ले, म्हणजे तो पुढे-मागे किती सरकतो ते, मोजून घ्यावा.

कारण असं. इंजिनपासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत टॉर्क ट्यूबमधून एक लांब शाफ्ट जातो. पुढच्या टोकाला तो फ्लेक्सप्लेटशी (क्रँकशाफ्टच्या मागच्या पातळ चकतीशी) एका क्लॅम्पने आवळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या लोडने शाफ्ट त्या क्लॅम्पमध्ये हळूहळू पुढे सरकतो, फ्लेक्सप्लेटला रेटतो, आणि तो रेटा थेट क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. बेअरिंग झिजून संपलं की क्रँक ब्लॉकलाच खाऊ लागतो. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, तो गेला की इंजिन गेलं. ही झीज होत असताना गाडी चालवताना काहीही जाणवत नाही, हे सगळ्यात वाईट.

मालकांना हे समजावून सांगितल्यावर ते लगेच तयार झाले, उलट स्वतःही बघायला आले. पोर्शेच्या ट्रान्सॲक्सल (गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलला असलेल्या) गाड्यांवरच काम करणारा एक मेकॅनिक आमच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे गाडी लिफ्टवर घेतली. खालचं कव्हर काढलं, इंजिन हाताने फिरवून क्लॅम्पचा बोल्ट समोर आणला. पाना लावून बोल्ट सैल होताच ‘टक्’ असा आवाज आला आणि फ्लेक्सप्लेट दोनेक मिलिमीटर मागे सरकली. म्हणजे ताण साठलेला होता. तिथे माझ्या पोटात गोळा आला. मग डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) लावला, क्रँक आधी मागे रेटला, गेज शून्यावर आणला, पुन्हा पुढे रेटला. ०.२२ मिलिमीटर. नव्या इंजिनाला ०.११ ते ०.३१ चालतं आणि ०.४ ही झिजेची मर्यादा. बेअरिंग शाबूत आहे! क्लॅम्प ताण काढून पुन्हा नीट आवळला आणि बोल्टच्या डोक्यापासून शाफ्टवर पेंटची रेघ मारून ठेवली, पुढे सरकला तर कळावं म्हणून.

बाकीचं भराभर सांगतो. इंजिनात तेलगळती थोडी, कूलंट स्वच्छ. पॅसेंजरच्या पायाखालचं फ्यूज-रिले पॅनेल कोरडं आहे, जुन्या गाडीत तिथे पाणी शिरलं की विजेची कटकट संपत नाही. एसी मेलेला. डॅशबोर्डला एक चीर. सोलिट्यूडच्या जुन्या रेस सर्किटचे रस्ते आता सर्वांना खुले आहेत, तिथे चालवून बघितली. वळणात मुद्दाम ॲक्सिलरेटर सोडला तरी मागची बाजू सुटत नाही. वायझाख ॲक्सल (९२८ ची खास मागची सस्पेन्शन) त्या क्षणी मागची चाकं किंचित आतल्या दिशेला वळवते. याबद्दल आजवर वाचलंच होतं, आता पाठीला कळलं.

अडचण कागदांची आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल सापडत नाही. एस४ मध्ये बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो. पंप अडकला तरी बेल्ट जातो. ‘बदललेला असावा’ यावर मी एक किलोमीटरही जास्त चालवणार नाही. बेल्ट, पंप, टेन्शनर, रोलर, मजुरीसकट ३,२०० युरोचा अंदाज आलाय.

आणि मागच्या सीट. चौघांनी आल्प्स ओलांडून इटलीला जायचं, यासाठीच तर चार सीटची गाडी शोधतोय. बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना इथे चाइल्ड सीट सक्तीची. आठ वर्षांच्या मुलीचा साधा बूस्टर छान बसला. पाच वर्षांच्या मुलाची पाठीसकटची सीट मात्र उतरत्या काचेला अडते, तिरकी बसते. तिरकी सीट मला चालणार नाही. खरी प्रशस्त ९२८ एकच आठवते, १९८४ मध्ये संस्थापकांचे पुत्र फेरी पोर्शे यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला कंपनीने दिलेली लांबवलेली गाडी. ती बाजारात मिळायची नाही. कमी उंचीच्या पाठीची सीट मागवलीय, ती या गाडीत लावून बघणार.

मालकांना मी २४,००० सांगितलेत, बेल्टचं काम माझ्याकडे. ते २५,००० वर आलेत. बायकोचं म्हणणं, एक हजारासाठी अशी तपासलेली गाडी सोडू नकोस, पण सीट बसल्याशिवाय सही करू नकोस. मलाही तेच पटतंय. सीट नीट बसली तर २५,००० ला घेतो, आणि बेल्ट होईपर्यंत गाडी घरी न आणता ट्रेलरवरून सरळ गॅरेजमध्ये. तीस वर्षांवरची असल्यामुळे एच नंबर प्लेट (जुन्या, ऐतिहासिक गाड्यांची) मिळेल. वर्षाचा रोड टॅक्स सुमारे १९२ युरो. पाच लिटरच्या इंजिनाला हा मोठा दिलासा आहे.

कमी उंचीची कुठली चाइल्ड सीट तुमच्यापैकी कुणी ९२८ मध्ये बसवली असेल तर मॉडेल नक्की कळवा. बेल्टसोबत, तो ज्यांवरून फिरतो ते कॅमचे गिअरही बदलावेत का, हेही सांगा. कव्हर उघडल्यावर त्यांचे दात झिजलेले दिसले तर मी बदलायच्या बाजूने आहे.