गाडीतील फडताळ: दोनदा बांधलेले

आमच्याकडे तीन दारांची फोर्स गुरखा आहे. मी आणि माझे यजमान दोघेही वर्षातून सात-आठ वेळा तंबू घेऊन बाहेर पडतो. कधी वेल्ह्याच्या बाजूला, कधी भंडारदऱ्याच्या पाणलोटात, तर कधी थेट कोकणात उतरतो. पहिली दोन वर्षे सगळे सामान मागच्या आसनांच्या पाठीमागे प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरलेले असे. मुक्कामाच्या ठिकाणी अंधार पडत असताना आणि पाऊस भुरभुरत असताना लागणारी वस्तू हमखास तळाच्या क्रेटमध्ये निघायची आणि शेगडी पेटेपर्यंत निम्मे सामान ओल्या गवतावर मांडलेले असायचे. म्हणून आम्ही गाडीत कायमचे फडताळ बसवायचे ठरवले. ते काम आम्ही दोनदा केले. पहिल्या वेळी काय चुकले, हे नीट मांडल्याशिवाय दुसऱ्या वेळचे निर्णय समजणार नाहीत, म्हणून दोन्ही सांगते.

पहिले फडताळ आमच्या ओळखीच्या सुतार मिस्त्रींनी बांधले. घरातल्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या त्यांनीच केल्या होत्या आणि त्यांच्या हाताच्या सफाईबद्दल मला आजही आदर आहे. मी त्यांना स्वयंपाकघरासारखेच काम सांगितले आणि त्यांनी ते तसेच केले: 18 मिलिमीटर जाडीचे मरीन प्लाय, वरून सनमायका, खाली दोन खोल खण, वर तीन कप्पे. तळाशी चार एल-अँगल लावून ते सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूने गाडीच्या पत्र्यात पक्के केले. फडताळ दिसायला देखणे होते आणि हाताने हलवून पाहिले तर तसूभरही हलत नव्हते.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात आम्ही राजूर, शेंडीवरून साम्रदच्या दिशेने निघालो. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने जाणाऱ्या त्या रस्त्यावर खड्डे चुकवताना एकदा समोर अचानक गुरे आली आणि यजमानांनी जोरात ब्रेक लावला. गाडीचा वेग ताशी तीसच्या आसपास असेल. मागून एक जड आवाज आला आणि फडताळ पुढे सरकून मागच्या आसनांच्या पाठींवर येऊन टेकले. चारपैकी तीन स्क्रू पत्र्यातून उपटून आले होते आणि त्यांच्या भोकांच्या कडा वर उचलल्या गेल्या होत्या. मागे कोणी बसलेले नव्हते. पुढच्या वेळी माझी भाची त्या आसनावर बसणार होती, हे मला तेव्हाच आठवले आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

घरी परतल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. इतक्या वेगातली गाडी आदळून 60 सेंटिमीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला स्वतःच्या वजनाच्या सरासरी सोळापट जोराने पुढे ढकलले जाते. आमचे फडताळ किराणा दुकानाच्या प्लॅटफॉर्म काट्यावर तोलले तेव्हा रिकामेच 71 किलो भरले. त्यात सुमारे 90 किलो सामान. म्हणजे अडीच टनांहून अधिक जोर, आणि तो अडवणार कोण, तर पातळ पत्र्यात दोन-तीन आट्यांवर धरलेले चार स्क्रू. स्क्रू तसे भक्कम होते, त्यांतला एकही तुटला नाही. त्यांना धरून ठेवायला पत्र्यात काही नव्हते. हा हिशोब मी आधीच करायला हवा होता.

मग आम्ही उलट्या क्रमाने काम सुरू केले. आधी वजन, मग पकड, आणि आकार व कप्पे सर्वांत शेवटी.

गाडी संपूर्ण रिकामी करून ती महामार्गावरच्या एका वजनकाट्यावर नेली. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून तीन पावत्या घेतल्या. असे काटे ट्रकसाठी असतात, त्यामुळे दहा-वीस किलोंचा फरक धरावाच लागतो, तरी मागच्या आसावर किती भार वाढतो याचा अंदाज येतो. नंतर घरी प्रत्येक वस्तू साध्या काट्यावर तोलली. पाण्याचा वीस लिटरचा कॅन 21 किलो, धान्य-मसाले-तेल 12, हत्यारांची पिशवी 9, भांडी 7, गाडी ओढण्याचा पट्टा आणि शॅकल (पट्टा अडकवायची पोलादी कडी) 6, तंबूही 6, आणि असेच पुढे. दोन वर्षांत एकदाही न वापरलेल्या वस्तू बाजूला काढल्यावर यादी 90 वरून 75 किलोंवर आली. एक लोखंडी तवा, दुसरी शेगडी आणि चार जास्तीच्या खुर्च्या घरी राहिल्या, हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत स्वस्त लाभ.

माप घेण्याबाबत एक गोष्ट सांगते, कारण ती कोणी आधी सांगितली असती तर आमचा एक रविवार वाचला असता. गाडीच्या आत ओळंबा आणि स्पिरिट लेव्हल यांचा उपयोग नसतो. गाडी स्वतःच कधी पूर्ण सपाट उभी नसते, बाजूच्या भिंती वर आत झुकलेल्या असतात आणि तळाच्या पत्र्याला पन्हाळ्या असतात. म्हणून तळाचा मधला सपाट भाग हाच पाया मानून सगळे काटकोन त्याच्याशी गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) जुळवायचे. फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आम्ही फडताळाची पूर्ण आकाराची नक्कल उभी केली, मागचे दार लावून पाहिले, आणि दाराच्या आतल्या बाजूचा हँडल वरच्या कप्प्याला एक सूत घासतो हे पुठ्ठ्यावरच कळले. उंचीही तेव्हाच ठरली. पुढच्या आरशातून मागची काच मोकळी दिसली पाहिजे, म्हणून फडताळ मागच्या आसनांच्या पाठीच्या उंचीवरच थांबवले, वर जागा शिल्लक असूनही.

आता पकडीविषयी. गुरखा ही लॅडर फ्रेमवरची गाडी आहे. खाली पोलादी चौकट, वर बॉडी, आणि दोन्हींच्या मध्ये रबराचे माउंट. खडबडीत रस्त्यावर बॉडी आणि चौकट एकमेकींच्या तुलनेत थोड्या हलत असतात. आमच्या डोक्यात प्रथम असे आले होते की लांब बोल्ट घेऊन फडताळ थेट खालच्या चौकटीलाच आवळावे, म्हणजे प्रश्नच मिटेल. भोसरीतल्या ज्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आम्ही दुसरे काम करून घेतले, तिथल्या काकांनी ते ऐकून मान हलवली. ‘‘ताई, चौकट एकीकडे जाणार, बॉडी दुसरीकडे जाणार, आणि तुमचा बोल्ट मध्ये करवतीसारखा चालणार. बांधायचं ते बॉडीलाच बांधा, पण खालून आधार देऊन.’’ त्यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य होते.

त्याप्रमाणे सहा ठिकाणी 8 मिलिमीटरचे, 8.8 ग्रेडचे म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचे बोल्ट वापरले. असा एक बोल्ट दोन टनांच्या आसपास ओढ सहज सोसतो. कमकुवत दुवा असतो तो पत्र्याचा, म्हणून प्रत्येक बोल्टखाली, गाडीच्या तळाच्या बाहेरच्या अंगाने, 75 मिलिमीटर चौरस आणि 5 मिलिमीटर जाड पोलादी पट्टी ठेवली. जोर आला की तो एका भोकाच्या कडेवर न येता तळहाताएवढ्या भागावर पसरतो. भोके पाडण्यापूर्वी गाडी रॅम्पवर घेऊन खालून इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून जाते ते खडूने आखून घेतले. मगच 3 मिलिमीटरचे पथदर्शी भोक पाडले, खालून पुन्हा पाहिले आणि नंतर ते मोठे केले. उघड्या पडलेल्या कडांना झिंक प्रायमरचे दोन हात आणि वरून सीलंट लावले. कोकणातल्या एका पावसाळ्यात उघडा पत्रा कसा गंजतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. आसनांचे आणि सीटबेल्टचे बोल्ट मात्र आम्ही उसने घेतले नाहीत. त्यांवर आधीच माणसांचा भार आहे.

सांगाड्यासाठी 30 बाय 30 मिलिमीटरचे खाच असलेले ॲल्युमिनियम प्रोफाइल घेतले. सुमारे चौदा मीटर लागले आणि त्याचे वजन बारा-तेरा किलोच झाले. या प्रोफाइलचा मोठा गुण असा की खाचेत नट सरकवून फळी हवी तिथे वर-खाली करता येते. त्याचा दोषही त्यातच आहे, कारण सांधे केवळ घर्षणाने धरतात आणि सततच्या थरथरीने सैल होतात. यावर आम्ही दोन उपाय केले. प्रत्येक आट्याला मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंकासारखा द्रव) लावले आणि आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून प्रोफाइलवर पांढऱ्या पेंट-मार्करने एक सरळ रेघ ओढली. बोल्ट किंचित जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. शिवाय नुसता चौकोनी सांगाडा बाजूने ढकलला की कलंडू पाहतो, म्हणून पाठीला 9 मिलिमीटरच्या प्लायचा अखंड तक्ता सर्व बाजूंनी बोल्ट करून बसवला. तो तक्ता बसण्यापूर्वी आणि बसल्यानंतर सांगाडा हाताने हलवून पाहिला, तेव्हाचा फरक मला अजून हातात जाणवतो.

फळ्या आणि खण 12 मिलिमीटरच्या मरीन प्लायचे केले. आठ बाय चार फुटांची 18 मिलिमीटरची शीट साधारण 36 किलोंची असते आणि 12 मिलिमीटरची 24-25 किलोंची, त्यामुळे केवळ जाडी कमी केल्याने वजन एक तृतीयांश उतरले. सनमायका टाळला आणि कापलेल्या कडांना पॉलियुरेथेनचे तीन हात दिले, कारण प्लाय पाणी पिते ते कडेतूनच. तयार फडताळ 38 किलो भरले. म्हणजे सामानासह 113 किलो, आणि पहिल्या हिशोबाने अडीच टनांच्या जागी सुमारे 1,800 किलोंचा जोर, तोही सहा आधारलेल्या बोल्टांवर.

खणांबाबत मी विशेष आग्रही होते. आमचे खण मागच्या दाराकडे उघडतात, त्यामुळे चढावर ते स्वतःच्या वजनाने बाहेर येऊ पाहतात आणि पूर्ण चढभर दारावर रेटा देत राहतात. घरातल्या टेलिस्कोपिक चॅनेलला (खण ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांना) बंद अवस्थेत धरून ठेवणारा जो हलका खटका असतो, तो इथे पुरत नाही. आम्ही उघड्या आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत अडकणारे, जड वजनाचे चॅनेल घेतले आणि त्याशिवाय प्रत्येक खणाला बाहेरून फिरवून लावायची स्वतंत्र कडी बसवली. उताराकडे तोंड करून गाडी उभी केली तर उघडा खण आपोआप आत जाऊन बोटे चेपू शकतो, म्हणून उघड्या अवस्थेतली अडकणही तितकीच आवश्यक आहे.

मांडणी वजनाने ठरली. पाण्याचा कॅन आणि हत्यारे सर्वांत खाली, आसनांच्या बाजूला, म्हणजे मागच्या आसाच्या शक्य तितक्या जवळ. मध्ये शिधा आणि भांडी. वर अंथरूण-पांघरूण आणि कपडे. वरच्या कप्प्यांसमोर आणि आसनांच्या पाठीमागे पोलादी जाळी लावली. गॅस मात्र फडताळात ठेवला नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर गाडीच्या तळाशी साचतो आणि बंद कप्प्यात तो कळतही नाही. तो स्वतंत्र पेटीत, दाराजवळ, सहज बाहेर काढता येईल असा जातो आणि मुक्कामावर पहिल्यांदा तोच उतरतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ही भूमिका ठामपणे उचलून धरली. म्हणून आसने काढून जागा वाढवण्याचा मोह आम्ही टाळला. आमचे फडताळ सहा बोल्ट सोडले की अर्ध्या तासात बाहेर निघते. विमा कंपनीलाही आम्ही लेखी कळवले.

खरी परीक्षा पुढच्या सप्टेंबरात झाली. पुण्याहून शिमला, किन्नौरमार्गे काझा, आणि परतताना कुंझुम खिंड ओलांडून बातल, ग्राम्फूवरून मनाली. बातल ते ग्राम्फू हा पट्टा म्हणजे नदीकाठचे गोटे आणि आडवे वाहणारे ओढे. तिथे दिवसभर गाडी खडखडत राहते. कुंझुम साडेचार हजार मीटरहून उंच आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो, त्यामुळे पुण्यात घट्ट लावलेल्या तेलाच्या बाटलीने आतल्या दाबाने झाकणाच्या कडेने तेल सोडले आणि मधला कप्पा माखला. पॉलियुरेथेनमुळे ते पुसून निघाले. तेव्हापासून बाटल्या आम्ही उंच कडांच्या ट्रेमध्ये ठेवतो आणि चढताना वाटेत झाकणे एकदा सैल करून पुन्हा लावतो.

मनालीला पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी, अंघोळीच्याही आधी, मी टॉर्च घेऊन सगळ्या पांढऱ्या रेघा तपासल्या. तळाच्या सहाही बोल्टांच्या रेघा अखंड होत्या. सांगाड्याच्या 52 बोल्टांपैकी तीन फिरलेले सापडले, तिन्ही डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातले. तो कोपरा आम्ही सर्वांत शेवटी, संध्याकाळी घाईत जोडला होता आणि आट्यांवरचे तेल पुसायचे राहिले होते; तेलकट आट्यावर थ्रेडलॉकर धरत नाही. हॉटेलच्या आवारातच ते तिन्ही बोल्ट काढले, पेट्रोलच्या फडक्याने पुसले, नव्याने लावले आणि त्यांवर नव्या रेघा ओढल्या.