भिडूचा एक नोट्रम्प आणि माझे चार

ब्रिजमध्ये भिडूच्या एक नोट्रम्पवर (नोट्रम्प म्हणजे हुकमाचा रंग न ठेवता खेळायची बोली) मी थेट चार नोट्रम्प बोलले, तर मी एक्के विचारत नाहीये. हे इतक्या भिडूंना इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदाचं लिहूनच टाकते. ब्रिज शिकताना बाकी कशानेच मला एवढं छळलं नाही. स्टेमन (दोन किलवर बोलून भिडूला बदाम-इस्पिकचे चार पत्ते विचारणं) चटकन कळलं, ट्रान्सफर (खालचा रंग बोलून वरचा रंग भिडूकडून बोलवून घेणं) अंगवळणी पडली, गेमपर्यंतचा, म्हणजे पहिल्या मोठ्या बक्षिसापर्यंतचा, हिशोब सरळच असतो. गाडं रुतलं ते स्लॅमच्या, म्हणजे तेरापैकी बारा किंवा तेरा हात करायच्या सहा-साताच्या बोलीच्या, तोंडाशी.

ज्या डावानंतर डोकं खरंच तापलं, तो असा. भिडूने एक नोट्रम्प उघडला. आमचं ठरलेलं १५ ते १७ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). माझ्याकडे इस्पिक राजा-गुलाम-पंजी, बदाम एक्का-राणी-चौकी, चौकट राजा-गुलाम-दश्शी-तिर्री, किलवर राणी-नव्वी-दुर्री. पॉइंट १६, कुठेही लांब रंग नाही. दोघांचेही पत्ते असे समतोल असले की सहा नोट्रम्पला साधारण ३३ पॉइंट लागतात. म्हणजे भिडूकडे १७ असतील तर जायचं, १५ असतील तर थांबायचं. एवढंच विचारायला चार नोट्रम्प. वरच्या टोकाला असशील तर सहा बोल, नाहीतर पास.

भिडूने थोडा विचार केला आणि पाच बदाम बोलला. माझ्याकडे दोन एक्के आहेत, असं उत्तर!

आता मी कुठे जाणार? पास करावा तर बदामात दोघांचे मिळून सहाच पत्ते, आणि हुकूम तोच. पाच नोट्रम्प म्हणावं तर एक्के सांगणारा भिडू त्याचा अर्थ राजे किती असाच घेणार आणि सहाच्या घरात उत्तर देणार. परतीची वाटच बंद. सहा नोट्रम्प बोलले, आणि डमी म्हणून पत्ते उघडे मांडले; खेळायचं भिडूने.

भिडूकडे इस्पिक एक्का-अठ्ठी-सत्ती-दुर्री, बदाम राजा-नव्वी-पंजी, चौकट एक्का-छक्की-चौकी, किलवर राजा-गुलाम-पंजी होती. बरोबर १५, म्हणजे पास करायचा हात. किलवरचा एक्का बाहेर होताच. म्हणजे इस्पिकची राणी जागेवर हवी आणि चौकटची राणीही सापडायला हवी. चौकटची त्याने अचूक शोधली, खेळला उत्तमच. इस्पिकची मात्र उलट्या बाजूला निघाली. हात झाले ११, एक कमी. व्हल्नरेबल (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले) नव्हतो, म्हणून चार नोट्रम्पला ४६० मिळाले असते, सहाला उणे ५० पडले.

राग हरण्याचा नव्हता. डाव संपल्यावर, ‘चार नोट्रम्प म्हणजे एक्केच, सगळीकडे तसंच खेळतात’ हे ठामपणे ऐकवलं गेलं, त्याचा होता. सगळीकडे तसं खेळत नाहीत. इझली ब्लॅकवूडने १९३३ मध्ये एक्के विचारायची ती पद्धत काढली. तिचा खरा उपयोग हुकमाचा रंग ठरल्यावर असतो. एक नोट्रम्पवर रंग ठरलेलाच नसतो. आणि गणितही पाहा. पत्त्यांत एकूण ४० पॉइंट. आपल्या दोघांत ३३ असले तर बाहेर ७ उरले, दोन एक्क्यांना लागतात ८. दोन एक्के बाहेर असूच शकत नाहीत. ३७ असले तर एकही नाही. मग समतोल हातावर एक्के मोजून कळणार काय? प्रश्न पॉइंटांचा असतो. हे समजावताना मी पत्त्याच्या पाकिटामागे ४०, ३३, ७ असं लिहून दाखवायचे, तरी पुढच्या वेळी पाच चौकट नाहीतर पाच बदाम ठरलेलं.

सुटका झाली ती भिडू बदलल्यावर. नव्या भिडूबरोबर खेळायला बसण्याआधीच कागदावर सगळं मांडलं, आणि तेव्हापासून मी कोणाहीबरोबर याशिवाय बसत नाही. एक्के हवेच असतील तर एक नोट्रम्पवर थेट चार किलवर, म्हणजे जॉन गर्बरची १९३८ ची पद्धत. चार चौकट म्हणजे एकही नाही किंवा चारही, चार बदाम एक, चार इस्पिक दोन, चार नोट्रम्प तीन. पण हे माझ्याकडे सलग हात देणारा सहा-सात पत्त्यांचा रंग असेल तेव्हा. समतोल हातावर गर्बर वापरणारे पाहिले की मला राहवत नाही.

दुसरा वाद ट्रान्सफरचा. दोन चौकट बोलून भिडूने दोन बदाम म्हटल्यावर चार नोट्रम्प: हेही स्लॅमचं आमंत्रणच, बदामाचे पाच पत्ते सांगून. एक्के विचारायचे असतील आणि बदाम सहा असतील तर टेक्सास, म्हणजे थेट चार चौकट, भिडूचे चार बदाम, मग चार नोट्रम्प. स्टेमनवर भिडूने बदाम दाखवले आणि मी चार नोट्रम्प बोलले, तरी आमंत्रणच. माझे चार इस्पिक आहेत, बदाम जुळले नाहीत. बदाम जुळले असतील तर आम्ही तीन इस्पिक बोलतो, स्लॅमचा विचार आहे असं सांगायला.

उघडणाऱ्याला १६ वर काय करायचं हे विचारलं जातं. दश्श्या पाहा, पाच पत्त्यांचा रंग आहे का पाहा. एक्के-राजे असले तर जा. नुसत्या राण्या-गुलामांनी आकडा भरला असेल तर पास. आणि स्वीकारताना चार पत्त्यांचा रंग दाखवायची सोय ठेवा. चार-चार जुळले की नोट्रम्पपेक्षा एक हात बऱ्याचदा जास्त निघतो.

माझ्याकडे १८ किंवा १९ असतील तर विचारायचं काहीच नाही, सरळ सहा नोट्रम्प. २० किंवा २१ असतील तर पाच नोट्रम्प: सहा नक्की, वरच्या टोकाला असशील तर सात. त्यावर पास नाही, हे कागदावर ठळक लिहून ठेवा. २२ असतील तर भिडूच्या १५ बरोबर ३७ झालेच, सात नोट्रम्प बोलून मोकळं व्हायचं.