सोबत नमुने आणावेत

बुधवार, रात्र

डिस्ने स्टुडिओने 7 जून 1938 रोजी एका अर्जदार तरुणीला पाठवलेले उत्तर आज पुन्हा सावकाश वाचले. पत्र अत्यंत सभ्य आहे आणि मला खुपते ती त्याची सभ्यताच. व्यंगपटांच्या तयारीतील सर्जनशील काम स्त्रिया करत नाहीत, ते सर्वस्वी तरुण पुरुषांकडे असते आणि म्हणून प्रशिक्षणवर्गासाठी मुलींचा विचार होत नाही, असे त्यात कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. स्त्रियांसाठी काम एकच: पारदर्शक सेल्युलॉइडवर काळ्या शाईने पात्रे गिरवायची आणि मागच्या बाजूने, दिलेल्या सूचनांबरहुकूम, रंग भरायचे. त्यासाठीही शाईकामाचे आणि जलरंगांचे नमुने घेऊन स्वतः स्टुडिओत हजर व्हायचे. वर सल्ला असा की केवळ एवढ्यासाठी हॉलिवूडला येणे इष्ट नाही, कारण अर्ज करणाऱ्या मुलींच्या मानाने जागा फारच थोड्या आहेत. अशाच आशयाची उत्तरे इतर मुलींनाही गेली होती.

मुलांची वाटही सोपी नव्हती, हे मान्य करायला हवे. 1934 मध्ये वॉर्ड किंबॉल, पुढे या स्टुडिओतला नामवंत चित्रकार ठरलेला तरुण, सांता बार्बराहून आपली चित्रे घेऊन आला, तेव्हा ती ठेवून जाण्यास त्याला सांगण्यात आले. पुन्हा येण्याइतके पेट्रोलचे पैसे नाहीत, तेव्हा आत्ताच पाहा, असे त्याने ऐकवले आणि त्याला काम मिळाले. (मंदीच्या दिवसांत हा युक्तिवाद समोरच्यालाही सहज पटला असावा.) ‘स्नो व्हाइट’ या चित्रपटासाठी माणसे हवी होती, तेव्हा स्टुडिओत 1932 पासून रेखाटनाचे वर्ग घेणारे शुनार्ड कलाशाळेचे शिक्षक डॉन ग्रॅहॅम थेट न्यूयॉर्कला जाऊन उमेदवारांची चित्रे तपासत होते. निवड झाली तरी पुढे चाचणीचा काळ असे आणि दोन मुख्य रेखाटनांमधली रेखाटने भरत राहण्याचे, हात व डोळा दोन्ही शिणवणारे काम असे. पण ते दार पुढे ॲनिमेटरच्या, म्हणजे हालचालीची मुख्य रेखाटने करणाऱ्याच्या, टेबलापर्यंत जात होते. शाई-रंगाच्या विभागातून तिकडे जाण्याची सोय त्या पत्रात नाही.

नियम इतका पक्का असूनही अपवाद झालेच, आणि ते कसे झाले हेच मला महत्त्वाचे वाटते. 1935 मध्ये कथाविभागात आलेली पहिली स्त्री, बियांका माजोली, ही वॉल्ट डिस्नेची शिकागोतील शाळासोबती होती आणि तिने त्याला पत्र लिहिले होते. शुनार्डमध्ये शिकलेली रेटा स्कॉट त्या उत्तराच्याच वर्षी, म्हणजे 1938 मध्ये, स्टुडिओत आली. 1942 च्या ‘बॅम्बी’तील शिकारी कुत्र्यांचा पाठलाग तिने ॲनिमेट केला आणि श्रेयनामावलीत ॲनिमेटर म्हणून नाव लागलेली ती तिथली पहिली स्त्री ठरली. दोघींचे कर्तृत्व निर्विवाद आहे, परंतु एकीजवळ जुनी ओळख होती आणि दुसरीजवळ स्टुडिओला परिचित असलेली कलाशाळा. टपालाने विचारणा करणाऱ्या मुलीजवळ यांपैकी काहीच नव्हते, आणि तिला आलेल्या उत्तरात अपवादांचा उल्लेखही नव्हता.